पस्तीस हात खालची माती

"बर्फ वितळला होता. कबूल कर, मन्सूर."

"नाय साहेब. दोनदा बदललाय. बंदरावर मासळीवाल्यांशी भांडून आणला."

"मग ही बशी काय सांगते?" डॉक्टरांनी विचारलं.

बशीत थिजवलेला मांसरस, त्यावर गंगारामच्या जखमेतला पू, मधोमध पेनिसिलिनचा थेंब. थेंबाभोवती जंतू मरून स्वच्छ कडं पडायला हवं होतं. जंतू पार थेंबाला येऊन भिडले होते.

मंगळवार. गंगाराम विहिरी खणणारा. पालीजवळ जांभा फोडताना पहार पायात घुसली. काळेपणा घोट्याच्या वर सरकलेला. शुक्रवारपर्यंत उतार पडला नाही तर पाय कापायचा. लशी, औषधं बर्फात थंड राखण्याचं काम इस्पितळात अकरा वर्षं मन्सूरचं.

बुधवार. नवी कुपी फोडली. दुसऱ्या रोग्याच्या गळवातले जंतू तिच्यातल्या औषधाने साफ मारले. गंगारामचे? जिवंत.

म्हणजे औषध चांगलं होतं. मन्सूरला हायसं वाटलं. मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.

तो एस.टी.ने पालीला गेला, दोर धरून गंगारामच्या अर्धवट विहिरीत उतरला. पस्तीस हात खाली भिंत खरवडून आतली माती घेतली. तिथे कधी सुई पोचली नव्हती, ना डॉक्टर.

शुक्रवार सकाळ. मातीतले जंतूही थेंबाला भिडलेले.

"साहेब, पेनिसिलिन रत्नागिरीत येऊन दहा वर्षं नाय झाली. ह्यांना कुणी शिकवलं?"

डॉक्टरांनी बशी उजेडात धरली.

"बुरशी पेनिसिलिन बनवते. बुरशी मातीतलीच. शेजारच्या जंतूंना मारायला सोडत असेल. लाखो वर्षं मार खाऊन शेजाऱ्यांनी तोड काढली, पोरांना देऊन ठेवली. आपण आत्ता आलो, मन्सूर."

"मग दुसऱ्या औषधांचंही असंच?"

डॉक्टरांनी झाकण लावलं. हात धुतले. पुन्हा धुतले.

"शस्त्रं उकळायला ठेव."

व्हरांड्यात गंगारामची बायको सगुणा उभी होती. तिने मन्सूरची बाही धरली.

"बरफ इतळलेला ना, भाऊ? लोक बोलतात. मी सायबांस्नी नाय सांगनार. नुसता चांगला औषद द्या."

हो म्हणता आलं असतं तर! मन्सूरने सगळे दिवस पुन्हा उलगडले. पेटी, भुसा, कुपी, वेळा. कुठेतरी आपली एक चूक सापडावी.

"चूक नाय झाली, वहिनी."

"आसंल," ती म्हणाली. बाही सोडेना. "नीट आठवून बगा."