भिंगरीची सुरगाठ

"एक अंडं खाली टाकायचं, त्याला हा केवढा थाट! एवढ्यात आमच्याकडे ऑम्लेटं होऊन भांडीसुद्धा घासून झाली असती," मागच्या खुर्चीवरची बाई कुरकुरली.

भिंगरीच्या आईला एरवी खुदकन हसू आलं असतं. आज सकाळपासून ती दातओठ खात बसली होती.

शाळेच्या पटांगणात निळी ताडपत्री अंथरली होती. हुशार मुलांसाठी शनिवारी भरणाऱ्या अवकाश वर्गाची ही शेवटची चाचणी. आपलं यान दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडायचं, आत कच्चं अंडं. अंडं शाबूत राहिलं तर पुढच्या गटात, फुटलं तर वर्ग संपला. अट एकच: यान मुलानं स्वतःच्या हातांनी केलेलं हवं.

आता हातांचं काय सांगावं! एका मुलाचं यान दुकानातून आणल्यासारखं गुळगुळीत होतं आणि त्याची वरची बाजू कुठली, हे तो गॅलरीतून खुणा करून बापाला विचारत होता. बाप खालून बोटं नाचवत होता. वर्गाच्या बाईंना नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा होता. अंडं वाचलं. टाळ्या!

भिंगरीचं यान मात्र खरोखर तिचं होतं. निदान आज सकाळपर्यंत. आठवडाभर ही पोर जिन्यावरून बटाटे सोडत होती. खालच्या काकू तावातावानं भांडूनही गेल्या. शेवटी तिला युक्ती सापडली. प्लॅस्टिकच्या पिशवीची छत्री करायची, ती घडी घालून दोऱ्यानं सुरगाठीत बांधायची आणि दोऱ्याचं मोकळं टोक कठड्याला. यान पडू लागलं की दोरा ताणतो, गाठ सुटते, छत्री उघडते. पहिला बटाटा अलगद उतरला, तेव्हा तिनं तो भाजीत घालू दिला नाही.

आणि आज ती आंघोळीला गेल्यावर तिच्या बाबानं यान हातात घेतलं. पूल बांधणारा इंजिनियर तो. सैल गाठ दिसताच त्यानं ती चिमटीत धरून हलवून पाहिली.

"ही काय गाठ झाली? नुसतं ओढलं तरी सुटेल!"

त्यानं चांगली दुहेरी गाठ मारली, वर डिंकाचा थेंब सोडला.

"अरे, तिला विचार तरी," आई म्हणाली.

"अगं, त्यात काय विचारायचं? मी आहे ना."

ती चहा गाळायला वळली. कटकट नको म्हणून. या घरात किती गोष्टी कटकट नको म्हणून अशाच चिकटून बसल्या होत्या!

आता भिंगरी वर कठड्याशी उभी होती. दोरा बांधताना तिचं बोट गाठीवर अडलं. तिनं नखानं खरवडून पाहिलं. मग मान वाकवून खाली बाबाकडे पाहिलं. त्यानं अंगठा उंचावला.

बाईंची शिट्टी वाजली. पोरीनं यान सोडलं.

दोरा ताणला, यानाला हिसका बसला आणि दोराच तुटला. छत्री तशीच, गाठोड्यासारखी. खच्च! ताडपत्रीवर पिवळं पसरलं.

"वारा होता हो," कोणीतरी म्हणालं.

"मुली घाई करतात जरा," गुळगुळीत यानाचा बाप म्हणाला.

भिंगरी जिना उतरून आली. बाईंनी वाकून ते गाठोडं उचललं, डिंकावरून बोट फिरवलं आणि फार मऊ आवाजात विचारलं, "काय झालं गं?"

पोरीनं बाबाकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधू लागला होता. ती सुटलेली नव्हती.

"गाठ चुकली, बाई," भिंगरी म्हणाली. "माझीच चुकली."

तिच्या आईची खुर्ची मागे कलंडली. कुरकुरणाऱ्या बाईच्या पायावर आदळली, तरी आईनं वळून पाहिलं नाही.

"हिची गाठ सुटणारी होती, बाई. ही हिच्या बापानं मारलीय, आणि पोर त्याचं पाप आपल्या डोक्यावर घेतेय तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. आणि मघापासून आपण टाळ्या कुणासाठी वाजवतोय? त्यातलं एक तरी यान मुलांचं आहे का?"