ब्रॅनिगनचं कोपर

सकाळी सव्वासहाला गुरुराजांनी फोन उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अमेरिकेतल्या एका वार्ताहरानं आपल्या बेसबॉलच्या बातमीत एक वाक्य जसंच्या तसं छापलं होतं: 'सप्टेंबरपासून ब्रॅनिगनला उजव्या हातानं पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडता येत नाही.' खाली लिहिलं होतं, एका चाहत्याच्या नोंदीतून. हा चाहता म्हणजे खुद्द गुरुराज. 'डेल्टालेफ्टी' असं नाव घेऊन त्यांनीच परवा ते वाक्य चाहत्यांच्या वेबसाइटवर ठोकलं होतं. तंजावरात आपल्या घराच्या ओट्यावर बसून, एका हातानं इडली खात!

"मेलो," ते मोठ्यानं म्हणाले. मंगलाबाई दारात कोलमची रांगोळी घालत होत्या आणि देवळाचा कर्णा मार्गळी महिन्याच्या भजनांनी गल्ली दणाणून सोडत होता, म्हणून ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, ओरत्तनाडच्या कालव्यांचं पाणी मोजता मोजता निवृत्त झालेल्या ह्या माणसाला बेसबॉलचं काय पडलं होतं? सगळं लेकीमुळे. दिव्यश्री तिकडे लेकपोर्ट हेरन्स नावाच्या क्लबात फिजिओथेरपिस्ट. चेंडू फेकणाऱ्यांचे खांदे आणि कोपरं सांभाळायची, हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी गुरुराज सहा महिने तिच्याकडे राहिले, तेव्हा तिचा सहकारी हेक्टर त्यांना मैदानावर घेऊन जायचा. शेजारी बसून, न कंटाळता, एकेक नियम समजावून सांगायचा. "अंकल, हे बघा, अंकल, ते बघा." सहा महिन्यांत त्यानं म्हाताऱ्याला पक्का बिघडवला.

पण गुरुराजांना खरं वेड लागलं ते खेळाचं नव्हे, हिवाळ्याचं. मोसम संपला की तिकडचे क्लब आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. आमचा हा घ्या, तुमचे ते तीन द्या. त्याला म्हणतात ट्रेड. कुणाला पाच वर्षांसाठी बांधून घेतात, कुणाला सरळ नारळ देतात. नोव्हेंबर उजाडला की गुरुराजांचं पेपर वाचणं बंद. सगळी सकाळ ह्याच बातम्यांत. आणि चाहत्यांच्या वेबसाइटवर तावातावानं भांडणं! जन्मात चेंडू न फेकलेला माणूस, पण सल्ले असे देणार की क्लबचा मालकच जणू.

परवाही तेच झालं. हेरन्स चेंडू फेकणाऱ्या ब्रॅनिगनला देऊन त्याच्या बदल्यात तीन तरणे खेळाडू घेणार, अशी बातमी आली. चाहते खवळले. आमचा सर्वांत भारी पिचर देता? गुरुराजांनी लिहिलं, उत्तम सौदा आहे, द्या त्याला. कुणीतरी फटकारलं, "तुला काय कळतं रे?" झालं! हे वाक्य गुरुराजांच्या फार जिव्हारी लागलं. मला कळत नाही? मला? आणि त्या रागात झाकणाची गोष्ट बाहेर पडली.

ती त्यांना दिव्यानं सांगितली होती, उपचारांच्या खोलीतूनच फोनवर. आजूबाजूला माणसं असताना ती बिनधास्त बोलायची, कारण बोलायची घरच्या मराठीत. तंजावरच्या मराठी लोकांची ही फार जुनी सवय. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर "माल जुना आहे, ऊठ" म्हणायचं ते मराठीत, आणि चेहरा हसरा ठेवायचा. सारं गाव तमिळ बोलणारं, कोण समजणार? घरच्या भाषेत बोललेलं घराबाहेर जात नाही, हा साडेतीनशे वर्षांचा भरवसा. तो भरवसा गुरुराजांनी दोन ओळींच्या इंग्रजीत धुळीला मिळवला.

खेळाडूच्या दुखण्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, अशी दिव्यानं क्लबला सही करून दिली होती. नोकरी गेली की व्हिसा गेला. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. नऊ वर्षं पोरीनं हाडाची काडं केली होती तिथं.

गुरुराजांनी नोंद पुसून टाकली. काय उपयोग? तोवर ती शंभर ठिकाणी चिकटली होती. दुपारी दुसरी बातमी आली: समोरच्या क्लबनं सौदा मोडला. हेरन्सनी कागदोपत्री नुसता 'थकवा' दाखवला होता, ते उघडं पडलं. आतली माहिती कुणी फोडली ह्याची चौकशी सुरू. गुरुराजांनी फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला. जणू चौकशीवाले डब्याचं झाकण उघडणार नव्हते!

"अहो, फोन कोठे तुमचा?" मंगलाबाईंनी विचारलं. "दिव्याचा सकाळी आला नाही, आता यायचा असेल ना."

"चार्जिंगला," ते म्हणाले. मग मुकाट्यानं जाऊन डब्यातून काढला.

दिव्या रोज सकाळी सातला फोन करायची. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दारात मोपेड थांबली तरी गुरुराज खिडकीशी धावायचे. "रक्तदाब वाढलाय तुमचा," मंगलाबाई म्हणत आणि सांबारातलं मीठ कमी करत. कमी मिठाचं सांबार गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं काही विचारलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे सगळं ओकून टाकलं असतं. तिनं वाटी उचलली आणि गेली.

चौथ्या सकाळी फोन आला.

"अप्पा, इथे फार गडबड चालली आहे," दिव्या म्हणाली. आवाज कोरडा, झोप न झालेला. "सगळ्यांचे फोन तपासताहेत. ब्रॅनिगनचं कोपर आम्ही दोघंच बघायचो, मी आणि हेक्टर."

"मग?" गुरुराजांनी विचारलं. आता विचारेल. आत्ता विचारेल, अप्पा, तुम्ही तर कुणाला बोलला नाहीत ना?

"मग काही नाही. तुम्ही वेळेवर जेवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं विचारलंच नाही! गुरुराजांनी देवघराकडे बघून हात जोडले, आणि मग हात जोडल्याची त्यांना लाज वाटली.

सहाव्या दिवशी तिनं सांगितलं, "हेक्टरला काढलं." त्या वेबसाइटवर त्याचं खातं सापडलं होतं म्हणे. नाव वेगळं होतं, पण क्लबला कुणीतरी एक सापडायला हवा होता. सात वर्षांची नोकरी, एका दुपारी गेली. गुरुराज "अरेरे" म्हणाले.

आणि दुसऱ्या सकाळी हेक्टरचाच निरोप आला, थेट त्यांना. 'अंकल, मी कुणाला काही बोललेलो नाही. इथे कुणी माझं ऐकत नाही. तुम्ही तरी मला ओळखता.'

गुरुराजांनी तो चार वेळा वाचला. आंघोळ केली, संध्या केली, मंत्र दोनदा चुकले. दिवसभर ते आतबाहेर फेऱ्या मारत राहिले. शेवटी संध्याकाळी सहाला, तिकडे दिव्या उठून कामाला निघायच्या बेताला असेल तेव्हा, ते परसात नारळाखाली उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला.

"दिव्या, ऐक. मधे बोलूं नको. ते मी लिहिलं. झाकणाचं. मी लिहिलं ते. हेक्टरचा काही दोष नाही. मी आज क्लबला पत्र घालतो, माझं नाव लिहून."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मला ठाऊक आहे, अप्पा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी कुणाला सांगितलं होतं ते मला माहीत नसेल का?"

"अगे, मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

गुरुराजांनी नारळाच्या बुंध्याला हात टेकला.

"मला बोलावलं होतं आत," ती पुढे म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. "विचारलं, तुला काही माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं, अप्पा. बाकी त्यांनीच केलं. आता तुम्ही पत्र घातलं तर हेक्टर परत येईल आणि मी जाईन. घाला, हवं तर. मग तिरुचीच्या विमानतळावर मला घ्यायला या. काय करायचं ते सांगा."

कुणीतरी आपल्याला ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं गुरुराजांना फार वाटत होतं. पण पोर त्यांनाच विचारत होती, लहानपणी शाळेच्या वहीवर सही मागायची तशी.

"नाही घालत," ते म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच भय वाटलं. आणि मेल्या मनाला बरंही वाटलं! आठ दिवस छातीवर बसलेला धोंडा हलला, पोर वाचली, असं वाटलं. मग त्यांना खरी भीती वाटू लागली. चौकशीची नव्हे, व्हिसाचीही नव्हे. आपण कोण आहोत आणि पोरीला काय करून ठेवलं, ह्याची. दिव्या रडत होती की नाही ते कळेना. "कामाला जा, उशीर होईल," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"काय म्हणते पोर?" मंगलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"बरी आहे."

हेक्टरचा निरोप सकाळपासून तसाच पडला होता. गुरुराज पायरीवर बसले. पुष्कळ लिहिलं, पुष्कळ पुसलं. शेवटी एकच ओळ राहिली: 'तू बोलला नाहीस, माझा पूर्ण विश्वास आहे.' ती पाठवून दिली.

मिनिटभरात उत्तर आलं. 'थँक यू, अंकल. असं म्हणणारे तुम्ही एकटेच.'