शिसवी पलंग

धाकटीचं डोकं पार चक्रावलं होतं. घरात आई-बाबा भांडत होते, त्यात नवीन काही नव्हतं. पण या खेपेला दोघांनीही भलतीच बाजू धरली होती.

झालं होतं असं. संगीतशाळेतला काष्ठतरंग बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी बनवलेला. शिसवाच्या लहानमोठ्या सदतीस पट्ट्या दोरीवर ओवलेल्या. काठीचा टोला पडला की अख्खं सभागृह भरून जायचं. त्या एका वाद्यानं बाबांचं नाव झालं. आता त्यातली सर्वांत लांब पट्टी तडकली होती आणि शनिवारी कार्यक्रम होता. बाबांचे हात थरथरत, म्हणून कारखाना धाकटीच बघायची. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली, एक करवतीचं यंत्र आणि भुशाचे ढीग. पण म्हणायचं कारखानाच. पंचाईत अशी, की तसं जुनं, मुरलेलं शिसव औषधालाही मिळेना. वखारवाला तर फोनवर नुसता हसला.

"मग आपला पलंग काप की," आई म्हणाली. "पायथ्याची फळी चांगली रुंद आहे."

धाकटी बघतच राहिली. लग्नाच्या वेळी बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेला शिसवी पलंग! पाहुण्यांना तर सोडाच, आई पोटच्या पोरींनाही त्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही.

"पलंगाला हात लावायचा नाही!" बाबा कडाडले.

आणि हे बाबा! एका वाद्याच्या चौकटीसाठी यांनीच एकदा स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट उतरवून नेलं होतं.

"अहो, शिसवच आहे ना ते?" आईनं विचारलं.

"शिसव ही काय साधी चीज आहे?" बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "त्याची कपाटं होतात, हत्यारांच्या मुठी होतात, वाद्यं होतात. वाळवी तोंड लावत नाही. ते असं कापून टाकायचं असतं?"

हे उत्तर होतं की भाषण, ते धाकटीला कळेना. तिनं आईला एकटीला गाठून विचारलं, तर आई म्हणाली, "त्यांनाच विचार." बाबांना विचारलं, तर ते पेपर उघडून बसले. दोघांपैकी कोणी ताकास तूर लागू देईल तर शपथ.

गुरुवारी बाबा दाताच्या डॉक्टरकडे गेले. ते वळणावर दिसेनासे होताच आईनं गादी उचलून भिंतीला लावली आणि स्क्रू-ड्रायव्हर धाकटीच्या हातात दिला.

फळी सुटली. कारखान्यात नेऊन धाकटीनं ती यंत्रावर धरली. शिसव कापताना गोडसर वास सुटतो. इथं काहीच सुटेना. तिनं तुकडा उलटा करून पाहिला. वरून काळाभोर आणि आत पांढुरका! तिला वाटलं, आपलीच नजर फसतेय. दुसरीकडे कापलं, तिथंही तेच. कुठलंतरी साधं लाकूड, वर काळा रंग आणि त्यावर पॉलिश. लाकडावर जन्म काढलेली ती, पण घरातल्याच पलंगावर कधी रंधा फिरवायची वेळ आली नव्हती.

आता आईला काय सांगायचं? चाळीस वर्षं तिनं जिवापाड जपलेली वस्तू. धाकटीला बाबांचा राग आला, आईची कीव आली आणि रडूही यायला लागलं. तिनं घाईघाईनं तुकड्यावर फडकं टाकलं.

"झाकू नकोस," आई दारातून म्हणाली. "लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात उशीच्या अभ्र्याला काळा रंग लागला होता. शिसव रंग सोडतं का कधी?"

"तुला ठाऊक होतं? मग कापायला का लावलंस?"

आई बोलणार, एवढ्यात तिच्या मागं बाबा येऊन उभे राहिले. गाल सुजलेला, हातात औषधाची पुडी. त्यांना तो पांढुरका तुकडा दिसला आणि ते स्टुलावर बसले.

"फळ्या तुझ्याच पलंगासाठी आणल्या होत्या," ते आईला अडखळत म्हणाले. "पण कापायच्या आधी एकदा ठोकून बघितल्या. आपल्या धंद्यातली खोडच ती. असा आवाज आला... मग पलंग करायला हातच धजेना. त्याच फळ्यांचा तो काष्ठतरंग."

"आणि मला सांगायला चाळीस वर्षं पुरली नाहीत? मी नको म्हटलं असतं?"

बाबांनी मान खाली घातली. आईचा आवाज मात्र चढला नाही. "रोज रात्री वाटायचं, आज बोलतील. अब्रू जायला नको म्हणून कोणाला पलंगाजवळ येऊ दिलं नाही. शेवटी म्हटलं, करवतीलाच बोलू दे."

मग बाबांनी तो तुकडा उचलला, बोटांच्या पेरांनी ठोकला, कान लावला. "आवाज बसका आहे," ते धाकटीला म्हणाले. "पण खालून मधोमध तासत गेलीस, तर सुरात येईल."

धाकटीनं रंधा घेतला. आतापर्यंत आई एकाही कार्यक्रमाला गेली नव्हती. कधी गुडघे, कधी पाहुणे. आज तिनं पदरानं फळीवरचा भुसा झटकला.

"शनिवारी मलाही घेऊन चला," ती बाबांना म्हणाली. "माझा पलंग कसा वाजतो, ते एकदा ऐकू तरी द्या."