गुद्दोबाचे एकेचाळीस सेकंद

युद्धकला ही मनुष्याने विश्वाला दिलेली सर्वांत उदात्त देणगी आहे, आणि ती पुढच्या पिढ्यांच्या हाती सुखरूप पोचवण्याची जबाबदारी शेवटी एखाद्या एकट्या माणसाच्याच खांद्यावर येऊन पडते. हा एकटा माणूस त्या दिवशी सकाळी सव्वादहा वाजता एका कंपनीच्या कपडे बदलायच्या खोलीत, घट्ट काळ्या विजारीत एक पाय घालून आणि दुसरा हवेत धरून, दाराच्या कडीला लटकला होता.

विजार वर सरकेना आणि खालीही उतरेना. बाहेरून सूनबाई तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, मदतीला कुणाला पाठवू का?" आत मास्तरांनी आवाजात शक्य तेवढी भारदस्ती आणून कळवलं की योद्धा स्वतःचं चिलखत स्वतःच चढवतो. चिलखत चढायला आणखी अकरा मिनिटं लागली.

सूनबाई या कंपनीत नोकरीला होती आणि तिचं काम होतं प्राणी हलवणं. म्हणजे व्हिडिओ गेममधले. त्या गेममध्ये दोनशे बारा जातींचे कधी कुणी न पाहिलेले प्राणी होते. खेळणाऱ्याने रानावनात भटकून ते डबीत पकडायचे, त्यांना खाऊपिऊ घालून मोठं करायचं आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचं. गेम चांगला चालत होता आणि आता नव्या भागात एक मारामारीचा उस्ताद प्राणी येणार होता. लहानपणी त्याचं नाव गुद्दू. तेव्हा तो तळहातावर मावतो. दहा झुंजी जिंकल्या की त्याचा गुद्देश होतो. आणि सगळ्यांना पुरून उरला की होतो गुद्दोबा: निम्मं अस्वल, निम्मी उशी, कमरेला पट्टा आणि डोळ्यांवर येणाऱ्या पांढऱ्या भुवया. या गुद्दोबाच्या अंगात खऱ्याखुऱ्या उस्तादाची चाल हवी होती. तेव्हा सूनबाईने कचेरीत हात वर केला आणि सांगितलं की आमच्या घरी एक आहे.

मास्तरांनी चौतीस वर्षं क्लास चालवला होता. तीन वर्षांपूर्वी तो बंद पडला. जिथे शेकडो माणसं पडायला शिकली त्या सभागृहात आता गाद्यांचं दुकान होतं, हा विनोद मास्तरांना सोडून सगळ्यांनी केला होता. क्लास गेल्याचं मास्तरांना फार दुःख नव्हतं. त्यांना खात होती ती एकच गोष्ट. त्यांनी स्वतः, कुणाकडून न घेता, एक डाव रचला होता. नऊ पायऱ्यांचा, बरोबर एकेचाळीस सेकंदांचा. नाव 'पाठमोरा वाघ'. पहिल्या सात पायऱ्यांत लढणारा प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून हळूहळू चालू लागतो, आठवीला थबकतो आणि नववीला जे काही होतं ते बघायला समोरचा जागेवर राहत नाही. निदान कल्पना तशी होती. प्रत्यक्षात मास्तर चालू लागले की विद्यार्थ्यांना वाटे आजचा क्लास सुटला. काही तर खरंच घरी जात. स्पर्धेत मास्तरांनी हा डाव एकदाच वापरला, आणि सहाव्या पायरीला पंचांनी सामना संपल्याचं जाहीर केलं. एकूण, आज डाव पुरता शिकलेला एकही विद्यार्थी जगात नव्हता आणि मास्तरांचं वय होतं अडुसष्ट. आपण गेलो की वाघही गेला, हे त्यांना रोज दाढी करताना आठवे.

म्हणून ही विजार.

चित्रीकरणाच्या खोलीत चहूबाजूंनी कॅमेरे होते आणि मास्तरांच्या अंगाला त्रेपन्न चंदेरी गोळ्या चिकटवल्या होत्या. मास्तर हलले की गोळ्या हलणार, गोळ्या हलल्या की संगणकात गुद्दोबा हलणार, असं ते साधं काम होतं. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले आणि पाठमोरा वाघ केला. इतका देखणा तो त्यांच्या हातून ऐन तिशीतही झाला नव्हता. शेवटी एक गुडघा जमिनीला टेकवून नमस्कार करायचा असतो, तोही केला. फक्त तो गुडघा तिथेच राहिला. मग दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं, चहाची सुट्टी झाली, आणि त्यानंतर मुख्य बाई आल्या.

या बाईंना कचेरीत सगळे मागून 'कात्री' म्हणत. जे दिसेल ते कापायचं, हा त्यांचा हुद्दाच होता. त्यांनी मास्तरांचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग अडचण सांगितली. गेममधला हल्ला जास्तीत जास्त दोन सेकंद चालतो. एकेचाळीस सेकंदांत आमचा खेळाडू गेम बंद करून, लग्न करून संसाराला लागलेला असतो. तेव्हा नववी पायरी ठेवू, बाकीच्या आठ गाळू.

वाघातून पाठमोरा काढला की काय उरतं, असं मास्तरांना विचारायचं होतं. पण अंगात तशी विजार असताना माणूस वाद घालू शकत नाही. ते घरी आले आणि पानावर बसून भात चिवडत राहिले. मास्तरीणबाईंनी कानामागे राहिलेली एक चंदेरी गोळी दिसल्याचं सांगितलं, तेव्हा ती काढून त्यांनी ताटात मिठाशेजारी ठेवली.

पाचव्या दिवशी सूनबाई कामावरून आली ती हसतच. पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, बाईंनी पक्कं केलं. गुद्दोबासाठी आयडल म्हणून तुम्हालाच घेतलंय. शुक्रवारी सगळ्यांना दाखवणार आहेत, तुम्ही यायचंच."

मास्तर वर्तमानपत्रामागे होते. वर्तमानपत्र सावकाश खाली आलं.

"आयडल म्हणून," ते म्हणाले.

"हो ना. बाई म्हणाल्या, असं आयडल आम्ही आजवर पाहिलं नाही."

सूनबाई हातपाय धुवायला गेली. मास्तर उठले आणि आरशासमोर जाऊन उभे राहिले. डाव कापला हे खरं, पण माणूस घेतला होता. लाखो मुलं ज्याच्याकडे बघून वाढणार तो आदर्श, तो आयडल, म्हणजे कोण, तर कानामागे गोळी घेऊन फिरलेला हा इसम. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी बागेत फिरायला येणाऱ्या समस्त मंडळींना कळली. त्यांतल्या निवृत्त दंतवैद्यांना ती दोनदा कळली, कारण त्यांनी पहिल्यांदा पुरेसं आश्चर्य दाखवलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी एवढंच विचारलं की कुणाचे आयडल. मास्तर म्हणाले, "पोरांचे. जगभरातल्या." त्यावर त्या म्हणाल्या की मग त्या पांढऱ्या पोशाखाची नाडी बदलून घ्या, जगभरातली पोरं बघणार असतील तर.

शुक्रवारी मास्तर इस्त्री केलेला पोशाख, नवी नाडी आणि खिशात दोन पानी भाषण घेऊन हजर झाले. तीसेक माणसं जमली होती. बाईंनी दिवे मालवले आणि पडद्यावर गुद्दोबा अवतरला.

गुद्दोबा उभा होता. मग त्याने पट्टा धरून वर ओढला. मग कमरेवर हात ठेवून मागे वाकला आणि पाठीतून काहीतरी कडकन वाजलं. मग तो काहीतरी शोधू लागला: छातीवर चाचपलं, बगलेत चाचपलं, मागे वळून पाहिलं, आणि शेवटी कपाळावरच्या भुवया हाताला लागल्यावर समाधानाने मान डोलावली. थोडा वेळ तो शून्यात बघत राहिला, या खोलीत आपण कशाला आलो होतो ते आठवत असल्यासारखा. मग पुन्हा पट्टा वर ओढला.

खोली हसून लोटपोट झाली. एकीने तर डोळे पुसले. मास्तर आपल्या कपाळावरचा चष्मा खाली नाकावर घेऊन पडद्याकडे बघत होते, आणि हे करताना आपल्याला बघणाऱ्यांचं हसू आणखी का वाढलं, ते त्यांना हळूहळू उमगत होतं.

"हे काय आहे?" त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेला विचारलं.

"आयडल, बाबा. खेळाडूने कुठलंच बटण दाबलं नाही की प्राणी नुसता उभा असतो ना, तेव्हा तो जे करतो ते. रिकामपणाचं. तुमच्या चहाच्या सुट्टीत कॅमेरे चालूच राहिले होते..." आणि मग तिने सासऱ्यांच्या खिशातून डोकावणारी दोन पानं पाहिली, इस्त्री पाहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू गोरामोरा झाला. "बाबा, तुम्हाला काय वाटलं?"

मास्तरांनी पानं खिशात आणखी खोल ढकलली. काही नाही, म्हणाले. चौतीस वर्षं ज्याने क्लास चालवला त्याचं जगाला देण्यासारखं उरलं ते हे: विजार सावरणं आणि चष्मा हुडकणं. ते उठून जाणार होते. पण उठायचं तर कमरेवर हात ठेवावा लागला असता, आणि ते आत्ता सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून बसून राहिले. आणि पडद्यावरचा गुद्दोबाही आपला करतच राहिला. एकदा, दोनदा, सातदा. थांबेचना.

"हा किती वेळ चालतो?" मास्तरांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, कुणी हात लावेपर्यंत.

"तासभर नाही लावला तर?"

"तर तासभर."

"आणि तुमचा तो दोन सेकंदांचा नियम?"

तो फक्त हल्ल्याला, बाई म्हणाल्या. रिकामपणाला नियम नाही. एवढं बोलल्यावर आपण कुठे येऊन उभ्या आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"पाठमोरा वाघ एकेचाळीस सेकंदांचा आहे," मास्तर म्हणाले.

बाईंनी आपल्या परीने कात्री चालवून पाहिली. म्हणाल्या, गुद्दोबा पाठ फिरवून चालू लागला की खेळाडूला वाटेल तो घरी निघाला. मास्तर म्हणाले की चौतीस वर्षं सगळ्यांना तेच वाटत आलंय, त्याची सवय आहे. सूनबाईने मध्येच सांगून टाकलं की पूर्ण डाव आपण पहिल्याच दिवशी गुद्दोबावर बसवून ठेवलाय, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि तो पुसायला मन झालं नाही. मास्तरांनी सुनेकडे बघितलं आणि लगेच पडद्याकडे बघितलं. शेवटी ठरलं असं की पाच मिनिटं कुणी कशालाही हात लावला नाही, तर आणि तरच, गुद्दोबा चष्मा शोधायचं थांबवेल आणि पाठमोरा वाघ करेल. बाईंनी हे कबूल केलं, कारण खेळणारी मुलं पाच मिनिटं हात न लावता बसणं शक्य नाही, अशी त्यांची खात्री होती.

"जो बसेल," मास्तर म्हणाले, "तोच शिकेल." भाषणातलं तेवढं एक वाक्य वापरलं गेलं.

नवा भाग बाजारात आला त्या रविवारी दुपारी मास्तरांच्या घरी बैठक भरली. सूनबाईने गुद्दोबाला पडद्यावर उभा केला आणि बटणांचं खेळणं स्टुलावर ठेवलं. मास्तर पांढरा पोशाख घालून सतरंजीवर बसले आणि त्यांनी फर्मान काढलं, "आता कुणी कशालाही हात लावायचा नाही." दंतवैद्य आमंत्रणावरून आले होते, त्यांनी हात मांडीखाली घेतले. मास्तरीणबाई खुर्चीत बसून मास्तरांच्या शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी विचारलं, सुईला लावला तर चालेल ना. तेवढी सवलत मिळाली.

गुद्दोबाने पट्टा ओढला, चष्मा शोधला, पट्टा ओढला. तिसऱ्या मिनिटाला दंतवैद्यांचं नाक खाजू लागलं आणि त्यांनी ते पराक्रमाने सोसलं. चौथ्याला फोन वाजला आणि वाजून वाजून दमला. पाचवं मिनिट भरलं. गुद्दोबा थबकला. त्याच्या भुवया वर गेल्या. आणि तो पाठ फिरवून चालू लागला.

"निघाला की हो घरी," दंतवैद्य कुजबुजले.

"निघत नाही," मास्तरीणबाई मान खाली घालूनच म्हणाल्या. "आता डावा पाय. मग कोपर आत. आता सहावी, इथे श्वास सोडायचा."

मास्तरांची मान पडद्याकडून त्यांच्याकडे वळली. "तुला येतो?"

"चौतीस वर्षं अंगणात सराव केलात. स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "आठवी. थांबला. आता बघा."

नववी पायरी झाली. दंतवैद्य खुर्चीसकट चार बोटं मागे सरकले. पडद्यावर गुद्दोबाने एक गुडघा जमिनीला टेकवला, दोन्ही पंजे जोडले आणि मान लववली. मास्तर उठले. शिष्याने नमस्कार केला की गुरूने तो परत करायचा असतो, आणि आज तर एकदम दोन शिष्य सापडले होते. त्यांनी निम्मं तोंड पडद्याकडे आणि निम्मं बायकोच्या खुर्चीकडे केलं, एक गुडघा सतरंजीला टेकवला आणि हात जोडून मान लववली. सूनबाईने हळूच डोळे टिपले.

पडद्यावर गुद्दोबा उठला आणि पुन्हा पट्टा ओढू लागला. मास्तर तसेच होते. अर्धं मिनिट गेलं. मग त्यांनी मान न उचलता, फक्त बायकोला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं,

"अगं, आता जरा हात लाव. गुडघा अडकलाय."