आधीच मेलेला राजा

“थांबव गो ते! हा राजा तर परवाच मेला ना?”

चिमाने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. “मेलाच व्हता. आता जिता झाला. कायतरी जादू आसल.”

भागोजी गुरुजी कपाळाला आठ्या घालून बसले. काचबिंदूने डोळे गेल्यापासून त्यांचं वाचन सुटलं होतं. म्हणून मुंबईला नोकरीला असलेल्या महिपतने, त्यांच्या मुलाने, एक जाडजूड अद्भुत कादंबरी स्वतः वाचून आठ कॅसेटींत भरून पाठवली होती. पोराचा आवाज घरात घुमायचा, ते बरं वाटायचं. पण गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. पुस्तक असतं तर दोन पानं मागे उलटून पाहिली असती. बत्तीस वर्षं पोरांना धडे समजावले आणि आता “हा कोण गो?” असं बायकोला, चिमाला, विचारायची पाळी आली होती. तिला अक्षरओळख नव्हती, तरी झाडून सगळी नावं तोंडपाठ. गुरुजींना तिचं कौतुक वाटे, आणि त्याहून जास्त राग येई. डोळ्यांमागोमाग आपली बुद्धीही चालली, या भीतीने त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं.

मे महिन्यात महिपत घरी आला. चिमाने कॅसेटी ऐकल्या त्याच ओळीने लावून ठेवल्या होत्या. त्या बघून तो चमकला.

“आये, ही चार, मग सात, मग दोन! नंबर घातलेत ना मी?”

नंबर बघायला गुरुजींना डोळे नव्हते आणि चिमाला आकडे येत नव्हते. नंबर घालताना महिपतलाही ते सुचलं नव्हतं.

“हाताला येल ती लावीत व्हते मी,” चिमा पुटपुटली.

म्हणजे बुद्धी शाबूत होती. गुरुजींना हायसं वाटायला हवं होतं. पण अख्ख्या गावाला शहाणं केलं आणि दिव्याखाली अंधार ठेवला, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

महिपत मुंबईला परतला, त्या दुपारी ते म्हणाले, “अगो, सुपात थोडे तांदूळ पसरून आण.”

“आवो, आता या वयात कशाला?”

“आण म्हणतो ना.”

त्यांनी तिचं बोट धरलं. चिखलात लावणी करून करून ते खरखरीत झालं होतं. तांदळात एक काढला, दोन काढला, तीन काढला.

“चार कसा, ते सांगतो. तू काढ.”

त्यांनी सांगितलं तसे तांदूळ हळूहळू सरकत राहिले. मग थांबले.

“बरोबर हाय?”

गुरुजी सुपावर वाकले. समोर नुसतं धुकं होतं. बोटाने चाचपावं, तर तिचा आकडा मोडला असता.

“बरोबर,” ते म्हणाले. “आता पाच.”