शालीखालची हार्ड डिस्क

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या दुपारी चपलांचा ढीग पडला होता. या मजल्यावर खोली तिथे स्टुडिओ, आणि सगळ्या स्टुडिओंची माणसं जिन्यापासून भोंग्याच्या दारापर्यंत रांगेत उभी. भोंग्या म्हणजे आमचा शेजारी, आवाजाचं मिक्सिंग करतो. स्वतःचा आवाज मात्र त्याला कधी कमी करता आला नाही. प्रत्येकाने हार्ड डिस्क तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरलेली. आत ड्राइव्हबाबा बसले होते. ते हरवलेले व्हिडिओ परत आणायचे.

"त्या लग्नाच्या फिल्मवाल्याचा अख्खा पडदा लाल झाला होता," भोंग्या सांगत होता. "बाबांनी कॉम्प्युटरसकट स्वतःवर शाल घेतली, आत काहीतरी पुटपुटले. शाल काढली तर नवरानवरी जागच्या जागी."

"शालीत ते काय करत होते, पाहिलंस?"

"छे. आपण डोळे मिटायचे असतात."

यावर मी हसायला हवं होतं. अंधश्रद्धेवर लघुपट काढणारा माणूस मी. चारचौघांत बुवाबाजीवर इतकं तोंडसुख घ्यायचो की लोक मला जेवायला बोलवेनासे झाले होते. पण त्या दिवशी मीही रांगेत होतो, बूट काढून, फाटक्या मोज्यातून अंगठा दाखवत.

कारण आत्या. ती उभा जन्म ग्रंथालयात होती आणि पोरांना गोष्टी सांगायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी मी तिच्या सगळ्या गोष्टी चित्रित करून ठेवल्या होत्या. आता ती फोनवर टाइप करते आणि फोन ते वाचून दाखवतो. "जेवलास का" हेसुद्धा तो आग लागल्याची सूचना द्यावी तसं विचारतो. "माझा आवाज कधी ऐकवतोस?" हे त्याच सुरात रोज चालू होतं.

आणि मी नवा कॉम्प्युटर घेतला. आत्याच्या गोष्टींच्या फिल्मची प्रोजेक्ट फाइल जुन्यावरून नव्यावर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कॉपी झाली. मी म्हटलं, वा, काय मशीन आहे. त्याच उत्साहात, आयुष्यात पहिल्यांदाच, हार्ड डिस्कवरचा पसाराही आवरला. मग फिल्म उघडली. पडदा लालभडक. आत्या नाही, गोष्टी नाहीत, नुसत्या लाल चौकटी. माझी पाचावर धारण बसली. फायली सांभाळणारा माझा सहायक केव्हाच नोकरी सोडून गेला होता, आणि मला एडिटिंगमधलं फक्त कापणं-जोडणं येतं. आत्याचा आवाज मी स्वतःच्या हाताने पुसला, असंच मला वाटलं. रडूच आलं.

तिला कसं सांगावं या विचारात होतो, तोवर भोंग्याने सांगून टाकलं होतं. तीही आली. रांगेत माझ्यामागे उभी राहिली.

माझा नंबर आला. मी डिस्क जोडून नवा कॉम्प्युटर बाबांपुढे ठेवला. बाबांनी माझ्या लाल पडद्याकडे पाहून डोळे मिटले. "पडद्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात अक्षरं दिसतील, ती वाचायची नाहीत. हात लावायचा नाही. डोळे मिटून 'रद्द' दाबायचं. यंत्र रागात आहे." मग शाल. आत बराच वेळ टकटक चाललेली. शाल बाहेर आली तेव्हा बाबांना घाम फुटलेला आणि पडदा तसाच लाल.

"बाईंचा आवाज गेला आणि फाइलचाही. एकाच नजरेने," बाबा म्हणाले. "डिस्क बाधित आहे. संपूर्ण पुसून शुद्ध करावी लागेल. मग वरून परत मागवू."

मी मान डोलावली. होय, डोलावली. भोंग्याने डिस्क पुढे सरकवलीसुद्धा.

तेवढ्यात आत्याचा फोन बोलला. "पुसल्यावर. परत कुठून आणणार."

"माउली, ते शब्दांत सांगता येत नाही."

"मलाही. म्हणून टाइप करते. तुम्हीही करा."

रांगेतून खसखस पिकली. आत्याने चष्मा लावला आणि थेट लाल पडद्याशी गेली. 'रद्द' दाबल्यावरही ती खिडकी पुन्हा उघडून बसली होती. आत्याने त्यातली अक्षरं वाचली आणि फोनकडून सगळ्यांना ऐकवली. "फाइल सापडत नाही. कुठे आहे. शोधा किंवा रद्द करा." मग ती माझ्याकडे वळली. "अरे, ते बिचारं तुला विचारतंय. तू उत्तर का देत नाहीस."

"आत्या, सगळं गेलंय गं."

"तू नेलंस काय. प्रोजेक्ट की व्हिडिओ."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला सुरुवात झाली. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. कुठला तुकडा कुठून घ्यायचा, एवढीच नोंद असते.

"ग्रंथालयातलं कार्ड," आत्याचा फोन म्हणाला. "कार्डावर कपाट लिहिलेलं असतं. पुस्तक तू दुसऱ्या कपाटात ठेवलंस. म्हणून पुस्तक जळालं का."

तिने खिडकीत दिसणारं फाइलचं नाव डिस्कच्या शोधचौकटीत टाकलं. व्हिडिओ निघाले 'नवीन फोल्डर'मधल्या 'नंतर बघू'मध्ये, माझ्या आवराआवरीने तिथे कोंबलेले. 'शोधा' दाबून एकाला जागा दाखवली, तर बाकीचे आपोआप सापडत गेले आणि लाल पडद्यावर रंग भरला.

शालीखालची विद्या एवढीच. यंत्र जे विचारायचं ते लोकांनी वाचायचं नाही, आणि बाबांनी गुपचूप उत्तर द्यायचं. कॉम्प्युटर बदलला की डिस्कच्या नावाचं अक्षर कधी बदलतं, D ची E होते, आणि पत्ता चुकतो. बाबा नवा पत्ता दाखवून मोकळे. माझ्या पसाऱ्यापुढे मात्र त्यांनी हात टेकले, आणि पितळ उघडं पडू नये म्हणून डिस्कच पुसायला निघाले.

"श्रद्धा होती म्हणून मिळालं," बाबा शाल घडी करत म्हणाले.

"मग पुढची डिस्क शाल न घेता करा," आत्याचा फोन म्हणाला.

बाबांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं. रांग मोडली आणि जो तो आपापल्या पडद्यावरचं वाचायला पळाला. बरेच जण 'शोधा' दाबून सुटले. एकाचे व्हिडिओ खरंच पुसले गेले होते. ते आले नाहीत. तेही निदान खरं कळलं.

मी प्ले दाबलं. खोलीभर आत्याचा आवाज पसरला, थोडा घोगरा, ठसक्यातला. "अरे, तो पंखा बंद कर आधी. आणि हे धड ठेवशील ना? तुझ्या ठेवण्यावर माझा काडीचा भरवसा नाही."

सगळे हसले. आत्याही हसली, आवाज न करता, आणि मग गळ्यावर हात ठेवून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मला फार लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं.

तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो: भीती वाटली की आपण वाचायचंच सोडतो, आणि शालवाला नेमक्या त्याच वेळी येतो. समोर काय लिहिलंय ते आधी वाचा. न कळलं तर विचारा. डोळे मिटायला सांगणाऱ्यासमोर तर ते मुळीच मिटू नका. मी मिटले होते, आणि माझा सगळा शहाणपणा लघुपटांतच राहिला होता.

"पुन्हा लाव," आत्याचा फोन म्हणाला.

मी आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं, प्रत उघडून पाहिली, आणि मग लावलं.