वन्संचे राहिलेले आइस्क्रीम

माझे सासरे, म्हणजे मामंजी, बर्फाचा कारखाना चालवीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे यजमान, शीतगृह चालवीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा, फ्रीज दुरुस्त करतो. आणि त्याची मुलगी, जिला सारे घर भिंगरी म्हणते, तिने एक जुनी व्हॅन घेऊन तिचे मोटरहोम केले आणि त्यातही पहिल्यांदा काय बसविले असेल तर फ्रीज. या घराण्याच्या चार पिढ्या थंडाव्यावर पोसल्या. पैकी तीन पुरुषांना एक खोड जन्मजात होती : पेटी असो, खोली असो की फ्रीज, उठसूट दार उघडायचे आणि आत हात घालून पाहायचे. विचारले की उत्तर ठरलेले, "हाताला कळतं."

या खोडीपायी वन्संच्या लग्नात आमची अब्रू गेली. वन्सं म्हणजे माझी नणंद, मामंजींची एकुलती एक लेक. तिच्या लग्नासाठी मामंजींनी स्वतः पॉट फिरवून आइस्क्रीम केले, बर्फाच्या पेटीत ठेवले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखविण्यासाठी झाकण इतक्या वेळा उघडले, की वाढायच्या वेळी पातेल्यात गोड दूध तेवढे उरले. बर्फवाल्याच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी आइस्क्रीम वाटीला तोंड लावून प्यायले! मामंजी लेकीला म्हणाले, "तुझं आइस्क्रीम माझ्याकडे राहिलं." वन्सं सासरी बेटावर गेल्या. पुढे मामंजी गेले, आमचे हेही गेले. मध्ये समुद्र आडवा, ते राहिलेले राहूनच गेले. बेटावर आइस्क्रीम मिळत नाही असे नव्हे. परंतु माहेरचे राहिलेले माहेराहूनच यावे आणि घट्ट यावे, हा वन्संचा हट्ट होता, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही.

यंदा वन्संना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. भिंगरी म्हणाली, "आजी, आइस्क्रीम मी पोचवते. तू फक्त बाबांना सांभाळ."

काम दिसते तितके सोपे नव्हते. मोटरहोमचा फ्रीज गॅसवर चालतो, आणि बोटीवर चढताना गॅसचा सिलिंडर बंद करावाच लागतो. इंजिन बंद असल्यावर बॅटरीच्या जिवावर तो फार वेळ तग धरत नाही. म्हणजे समुद्र ओलांडेपर्यंत फ्रीज ही केवळ दार असलेली एक पेटी.

भिंगरीने आदल्या दिवसापासून रिकामा फ्रीज चालू ठेवून गार करून घेतला. बापाच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये तिने मिठाच्या पाण्याच्या पिशव्या दगडासारख्या गोठविल्या. साध्या बर्फापेक्षा तो अधिक गार. पॉटमध्ये बर्फावर मीठ घालतात ते उगीच नव्हे. मग मध्ये आइस्क्रीमचा डबा, भोवती पिशव्या, आणि जिथे हाताचे बोट शिरेल तिथेही एक पिशवी.

"रिकामी जागा ठेवायची नाही," ती म्हणाली. "गरम हवेला आपण होऊन खोली कशाला द्यायची?"

दार लावून तिने वरून पट्टा आवळला आणि माझी जाड रजई गुंडाळली. आत थर्मामीटर होता. पण त्याचा आकडा पाहायलाही दारच उघडावे लागे.

आमची गाडी धक्क्यावरच्या रांगेत लागली आणि चिरंजीवांची चुळबुळ सुरू झाली.

"एकदा बघू का?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

"पट्टा नीट बसलाय का, तेवढंच."

"बाबा, पट्टा बाहेरून दिसतो."

"अगं, मी या धंद्यात केस पिकवलेत!"

"म्हणूनच भीती वाटते."

मी मागच्या बाकावरून विचारले, "उतरून चालत येतोस का?" खलाशी आला, सिलिंडर बंद झाल्याची खात्री करून गेला, आणि गाडी बोटीच्या पोटात शिरली. प्रवासात खालच्या मजल्याला कुलूप असते. सर्वांना वर जावे लागते. हे कळल्यावर आमच्या वीराचे तोंड असे झाले, जणू तान्हे मूल खाली विसरले आहे.

वर बसायच्या दालनात तो दारावरच्या माणसापाशी गेला. "पाच मिनिटं खाली सोडा हो. फ्रीज बघायचाय."

"काय, बिघडलाय?"

"नाही. चांगला चाललाय."

"चाललाय?"

"म्हणजे बंद आहे."

त्या भल्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मी पिशवीतून लोकरीची लड काढली, मुलाला समोर बसविले आणि ती त्याच्या दोन्ही हातांत अडकविली. "हात हलवलास तर गुंता होईल," मी बजावले, आणि सावकाश गुंडा करू लागले. पन्नाशीचा माझा मुलगा भर दालनात हात पसरून बसला. शेजारची पोरे फिदीफिदी हसली. भिंगरीही हसली असती, परंतु तेवढ्यात बोट थांबली.

समोर बेट दिसत होते, धक्काही दिसत होता, पण तिथे दुसरी बोट अडली होती. आमची जागा कधी मोकळी होईल, कोणी सांगेना. उन्हे कलली. एक लड संपली, दुसरी लागली. भिंगरीची बडबड थांबली तेव्हा मात्र माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी दूध घेऊन वन्संच्या दारात उभी राहणार नव्हते.

"आजी, नाही टिकलं तर?"

"टिकेल."

"तुला काय माहीत?"

"काही माहीत नाही. पण रडून ते गार होणार आहे का?"

अखेर खाली जाण्याची सूचना झाली. आम्ही पोचेपर्यंत मुलगा फ्रीजपुढे गुडघ्यांवर बसलेला होता. रजई बाजूला, पट्टा सुटलेला, हात कडीवर. भिंगरी दारातच थिजली. तिने आवाज चढविला नाही.

"बाबा, अजून बोटीचं दारही उघडलेलं नाही. गाड्या निघायला वेळ आहे. आता थंड हवा गेली तर मला परत आणता येणार नाही."

मी ओरडणार होते, ओरडले नाही. त्याचा हात कडीवरच होता. वडील आणि आजोबा, दोघेही त्या हाताला आत ढकलत असावेत. मग त्याने हात काढून घेतला, पट्टा पुन्हा आवळला, रजई नीट खोचली.

"आत्याच उघडेल," तो म्हणाला, आणि लेकीशेजारी जाऊन बसला.

वन्सं फाटकात उभ्या होत्या, चष्मा पुसत. "वहिनी, अहो, दिवेलागणीला येतं का कोणी? की या वेळीही ताटकळायचं?"

"बोलणी नंतर," मी म्हटले. "आधी गाडीत या, आणि फ्रीज उघडा."

त्यांनी दार उघडले. पांढरी वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. पिशव्या अजून टणक होत्या. त्यांनी डब्याचे झाकण काढले, चमचा आत खुपसला. तो तिरका झाला नाही, उभाच राहिला. भिंगरीने बापाच्या खांद्यावर डोके टेकले.

वन्संनी पहिला घास तोंडात घेतला. मग आजूबाजूच्या घरांतून हाका मारून माणसे बोलाविली, आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने वाढले. कोणालाही वाटीला तोंड लावावे लागले नाही. डबा खरवडून झाल्यावर त्यांनी आपल्या भाच्याला आणि त्याच्या लेकीला जवळ ओढून घेतले.

"माझ्या बापाकडे राहिलं होतं ना," त्या म्हणाल्या, "ते आज पोचलं. आता त्यांच्याकडे माझं काहीएक राहिलेलं नाही."